हातोडी दाखवील तिथं

पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं माझ्यावर सांडशी फेकली. लोहाराची सांडशी म्हणजे चुलीवरचं भांडं उतरवायची नव्हे. हातभर लांब, दोन शेर वजनाची, आणि तोंड नुकतंच भट्टीतून निघालेलं. ती माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्यावर आदळली. मी वाकलो, उचलली आणि तितक्याच जोरानं त्याच्याकडं परत फेकली. माझं बोट भाजलंय हे मला घरी गेल्यावर कळलं. सांडशी त्याच्या खांद्याला लागली आणि शेडमधले सगळे हातोडे थांबले. आता हा मला भट्टीत घालतो असं वाटून मी घण हातात घेतला, तर मिस्त्री हसायला लागला. पुढं येऊन त्यानं मला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा माझा भाऊ. आजपासून माझ्या ऐरणीवर दुसरं कुणी यायचं नाही."

मला तेव्हा फार बरं वाटलं. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याची सुरुवात त्या बरं वाटण्यात आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी रहाटणीचा, शेतकऱ्याच्या घरातला, वय बावीस-तेवीस. राग नाकावर. थोरल्या भावाशी बांधाच्या कामावरून हातापायी झाली, मी त्याच्या डोक्यात टोपलं घातलं आणि त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलायचं बंद केलं. एका घरात, एका चुलीवर जेवत होतो, पण शब्द नाही. शेतात त्याच्याबरोबर राबायचं नाही म्हणून मी नदी ओलांडून कारखान्यात गेलो. पिंपरी आणि चिंचवडच्या मधे, रुळांना लागून पत्र्याची एक लांबलचक शेड होती. तिथं टिकाव, पहारी आणि लष्कराच्या तंबूंसाठी लोखंडी खुंट्या घडवायचे. अंगात ताकद आहे म्हणून मला घणावर घेतलं आणि या मिस्त्रीच्या ऐरणीवर धाडलं. माझ्याआधी दोन महिन्यांत त्याच्याकडून तीन घणवाले पळाले होते, हे मला कुणी सांगितलं नाही.

मिस्त्री मराठवाड्याकडचा, पिढीजात लोहार. पस्तिशीचा, अंगानं बारीक, मनगटं मात्र जाड. त्याच्यासारखा कारागीर मी पुढं चाळीस वर्षांत पाहिला नाही. लोखंडाच्या रंगावरून तो सांगायचा की आता अजून तीन घाव बसतील, चौथा नको. टिकावाला पाणी द्यायचा, म्हणजे तापलेला पाण्यात बुडवायचा, तेव्हा डोळे मिटून आवाज ऐकायचा, आणि त्याचा टिकाव कधी तुटून परत आला नाही.

या कामाचा एक नियम आहे, तो सांगायलाच हवा. लोहाराच्या डाव्या हातात सांडशीनं धरलेलं लाल लोखंड, उजव्या हातात छोटी हातोडी. हातोडी घडवण्यासाठी नसतेच फारशी, दाखवण्यासाठी असते. ती जिथं टेकेल तिथं समोरच्यानं घण घालायचा. टेकली की घाव, टेकली की घाव. आणि हातोडी लोखंडावर न टेकता मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. तोंडानं बोलायचं नाही, बोललेलं ऐकूही येत नाही. घणवाल्यानं मिस्त्रीच्या तोंडाकडं बघायचं नाही, हातोडी दाखवील तिथं मारायचं. मारू की नको हा विचार घणवाल्यानं करायचा नाही. मला हे काम का आवडलं ते आता कळतं. घरी माझ्या हाताला कुणीतरी सतत आवरत होतं, इथं मारायचेच पैसे मिळत होते.

पहिला महिना मी त्याचा देव होतो. डब्यातली चटणी आधी मला. माझा घाव कसा बसतो हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचा. असा हात सबंध मुलखात नाही, म्हणायचा. मग एके दिवशी दुपारी मी लेथवरच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर जेवायला बसलो. काही ठरवून नाही, तो रस्त्यात भेटला आणि आम्ही झाडाखाली बसलो. परत आलो तर मिस्त्री माझ्याकडं न बघता म्हणाला, "या गाववाले. जेवलाव का?"

तोवर मी 'भावा' होतो आणि 'तू' होतो. ते 'गाववाले' आणि तो आदरार्थी सूर ऐकून मला हसू आलं, आणि मी हसलो ते चुकलंच. दुपारभर त्यानं मला असं राबवलं की खांदे भरून आले. घाव जरा कमी-जास्त झाला की आईवरून शिवी. शेवटी मी घण खाली ठेवला, तेव्हा त्यानं भट्टीतली लाल पहार उपसली आणि माझ्यावर आला. चौघांनी धरलं म्हणून मी वाचलो. मग तो तसाच लेथकडं धावला आणि त्या ओळखीच्या माणसाला त्यानं कॉलर धरून लेथच्या लोखंडावर आपटलं. त्या बिचाऱ्याचा एक दात पडला. त्याचा गुन्हा काय, तर माझ्याबरोबर भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या आधी येऊन बसलेला. डोळे सुजलेले. डाव्या हाताची बाही वर केली तर कोपराच्या खाली ताजा डाग, तापल्या लोखंडाचा. त्याच्या शेजारी जुने सात-आठ, ओळीनं. मी समजत होतो ते कामातले चटके आहेत. तो म्हणाला, "तुला मारायला उठलेला हात उजवा होता. तो लागतो कामाला, म्हणून डाव्याला शिक्षा दिली." मला शिसारी आली आणि कीवही आली. मी त्याच्या हाताला खोबरेल लावलं. लेथवाल्यापुढं तर त्यानं लोटांगणच घातलं. तो रडत होता आणि ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगतो.

शेडमध्ये जो तो आपापल्या परीनं निदान करत होता. काहींच्या मते त्याच्या अंगात वारं होतं. भोसरीच्या एका देवऋष्यानं कोंबडं घेतलं आणि लिंबू दिलं. लिंबू मिस्त्रीनं ऐरणीवर ठेवून हातोडीनं फोडलं. कारखान्याच्या साहेबाचं निदान त्याहून भारी होतं. साहेबाला तो राग म्हणजे जरब वाटली. एवढ्या दराऱ्याचा माणूस ऐरणीवर वाया चाललाय, असं म्हणून त्यानं मिस्त्रीला सगळ्या शेडवर मुकादम केलं. ते राज्य पंधरा दिवस चाललं. पहिले तीन दिवस तो सगळ्यांना चहा पाजत होता. चौथ्या दिवशी कोणीतरी पाठीमागं हसलं. तो आपल्यालाच हसला असं धरून त्यानं एकाचं डोकं पाण्याच्या हौदात दाबलं, आणि सोडवायला आलेल्याच्या बरगडीत लाथ घातली. पंधराव्या दिवशी सकाळी पाहतो तर मिस्त्रीनं आपणच घडवलेले चाळीस टिकाव एकेक करून ऐरणीच्या कडेवर तोडून ठेवलेले. आदल्या दिवशी साहेब त्याच्याशी न बोलता मोटारीत बसून गेला, एवढंच कारण. चाळीस टिकाव, एकाहून एक सुरेख. मला त्या दिवशी त्याचा जितका राग आला तितका तो माझ्या अंगावर पहार घेऊन आला तेव्हाही आला नव्हता. मुकादमी गेली. नोकरी तेवढी राहिली, कारण लष्कराचा माल वेळेत द्यायचा होता आणि तसा हात दुसरा नव्हता.

त्यानंतर त्याची बायको मला भेटायला आली. दुपारच्या सुटीत फाटकाबाहेर उभी होती, कडेवर मुलगी. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भाऊजी. तिनं एका दमात सगळं सांगितलं. सोलापूर झालं, दौंड झालं, खडकी झाली. कुठं पाच महिने, कुठं सात. काम नीट येत नाही म्हणून कुणीच काढलं नव्हतं. कुठं मालकाला मारलं, कुठं सोबत्याला, कुठं कुणी काही करायच्या आत हाच रागानं निघून आला. प्रत्येक ठिकाणी आधी कोणीतरी एक देवासारखा माणूस भेटायचा आणि मग तोच याचा वैरी व्हायचा. आमच्या कारखान्यात बारा महिने सलग भरले की माणूस कायम, आणि कायम झाला की मागच्या बराकीत पक्की खोली. ते रुळांपलीकडं किंतानाच्या झोपडीत राहत होते. गुढीपाडव्याला त्याचे बारा महिने भरणार होते.

"भाऊजी, तेवढा पाडवा होऊ द्या," ती म्हणाली. "तोवर त्यांच्या ऐरणीवरून हलू नका. तुम्ही हललाव की ते ऱ्हात न्हाईत."

मी शब्द दिला. तिची दया आली म्हणून दिला असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं कारण वेगळं होतं. घरात मला कुणी विचारत नव्हतं आणि इथं माझ्यावाचून एका माणसाचं, एका संसाराचं अडत होतं. माझी छाती फुगली.

तेव्हापासून मी मिस्त्रीला सांभाळायला लागलो. काय केलं की तो बिघडतो हे हळूहळू कळत गेलं. न सांगता उठलो की बिघडायचा. दुसऱ्याशी हसून बोललो की बिघडायचा. सगळ्यात वाईट म्हणजे सुटीचा दिवस. सुटीनंतरच्या सकाळी तो मला अनोळखी माणसासारखा न्याहाळायचा. एकदा मी टोपी भट्टीमागच्या खिळ्यावर विसरून घरी गेलो. परत आलो तर मिस्त्री प्रसन्न. म्हणाला, "मला म्हाईत होतं तू येणार. टोपी इथंच होती."

त्यानंतर मी रोज टोपी मुद्दाम खिळ्याला ठेवून जायला लागलो. सकाळी कामावर आल्यावर डोक्याला घालायची, जाताना त्याला दिसेल अशी लटकवायची. हा उपाय इतका लागू पडला की दिवाळीपासून पुढं चार महिने त्यानं कुणावर हात टाकला नाही. दिघीच्या अंगाला लष्कराचे बार उडाले की दचकून तो आधी खिळ्याकडं बघायचा, मग कामाला लागायचा. पण मी रोज संध्याकाळी रहाटणीत बोडक्या डोक्यानं शिरत होतो. त्या काळी बोडका माणूस म्हणजे घरात कुणी गेलेला. म्हातारी माणसं वाटेत थांबवून विचारायची, कोण गेलं रं? आई तर कपाळ बडवून घ्यायची. दुसरी टोपी घ्यायची म्हटलं तर ती मिस्त्रीनं बघितल्यावर खिळ्यावरच्या टोपीत काय राहिलं? लेथवाले मला मिस्त्रीची बायको म्हणायला लागले. एकाच्या मी थोबाडीत दिली, पण तो बोलला ते मनात बसलं.

त्यात कारखान्यात विजेवर चालणारा घण आला, पॉवर हॅमर. त्यावर पहिला माणूस म्हणून साहेबानं मला बोलावलं. पगार जास्त, अंगमेहनत कमी, शिकायला नवं. मी म्हणालो, पाडव्यानंतर येतो. साहेब वैतागला. पाडव्यापर्यंत थांबतो, नाहीतर दुसरा बघतो, असं म्हणाला. ही गोष्ट मिस्त्रीपर्यंत गेलीच. मी त्याच्यासाठी मशीन नाकारलं, असं त्यानं सगळ्या शेडला ऐकवलं. गुडघ्याएवढ्या पोरीला माझ्या पाया पडायला लावलं. मला मात्र त्या दिवसापासून त्याचा वीट आला. त्याचं प्रेमही नको आणि त्याचा रागही नको असं झालं. सकाळी नदी उतरताना मी पाडव्याचे दिवस मोजायचो.

दहा दिवस राहिले तेव्हा मामानं निरोप धाडला. पिंपळे सौदागरला मुलगी बघायला जायचं, दुसऱ्याच दिवशी, सुटी होती म्हणून. बोडक्यानं जाणं शक्यच नव्हतं. आई म्हणाली, थोरल्याची टोपी घे. मी म्हणालो, त्याच्याकडं मागायची तर मी तोंडाला डांबर फासून जाईन. तिनं ती मला आणून दिली असती, पण त्याच्या टोपीत मी डोकं घालणार नव्हतो. म्हणून संध्याकाळी, मिस्त्री हात धुवायला हौदावर गेला तेव्हा, मी खिळ्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि निघालो. त्याला सांगता आलं असतं. दोन वाक्यं पुरली असती, उलट तो मुलीला साडी घ्यायला निघाला असता. मी सांगितलं नाही. माझी टोपी न्यायला मी कुणाची परवानगी का काढायची, अशी तिडीक माझ्या डोक्यात गेली होती.

मुलगी पसंत पडली. तीच पुढं माझी बायको झाली, आणि तिला हे सगळं मी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं, एक गोष्ट सोडून.

सुटीनंतरच्या सकाळी भोंगा व्हायच्या आधी भट्टी पेटलेली होती. मी टोपी डोक्यावरून काढून खिळ्याला लावली, मुद्दाम, त्याला दिसावी म्हणून. मिस्त्रीनं पाहिली. तो झोपलेला नव्हता हे चेहऱ्यावरूनच कळत होतं. म्हणाला, "या गाववाले. मशीनवर जायचं सोडून इकडं कसं आलाव?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यानं लोखंड ऐरणीवर घेतलं होतं. घाव सुरू झाले. आधी लय साधी होती, मग वाढत गेली. हातोडी इतकी भराभर टेकायला लागली की मला श्वास घ्यायला फट मिळेना. लोखंड थंड झालं तरी तो थांबवेना. थंड लोखंडावर घण आपटला की झटका सरळ दातांत येतो. त्यानं माझ्या आईला शिव्या दिल्या, मग त्यानं कधी न पाहिलेल्या माझ्या भावाला, मग मी बघून आलेल्या त्या मुलीला; तिची बातमी त्याला कशी लागली कोण जाणे. भट्टीतला जळता कोळसा फावड्यानं उडवून माझ्या पायावर टाकला. पायतानाच्या पट्ट्यातून निखारा आत गेला. मी पाय झटकला आणि घण धरून राहिलो. आजूबाजूचे लोक हात थांबवून बघत होते, मधे कुणी पडत नव्हतं. आठ दिवस, आठ दिवस, असं मी मनात म्हणत होतो. वहिनीला दिलेला शब्द आठवत होतो असं नाही, नुसता आकडा म्हणत होतो.

मग त्यानं सांडशी खाली ठेवली, मागं वळून खिळ्यावरची टोपी काढली आणि भट्टीत टाकली. कापूस तो, भक्कन पेटला.

"आता जावा मोकळ्या डोक्यानं," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घण उचलला. तो परत ऐरणीपुढं आला, नवीन लाल लोखंड घेतलं आणि आम्ही दोघं पुन्हा सुरू झालो, जणू काही झालंच नाही. चार-पाच घाव नीट बसले. आणि मग त्यानं सांडशी सोडली. लोखंड ऐरणीवरून खाली घरंगळलं. त्यानं डावा पंजा ऐरणीवर पालथा ठेवला आणि उजव्या हातातली हातोडी त्याच्यावर टेकवली, हलकेच, नेहमी टेकवायचा तशी.

इथं मला थांबायला हवं.

माझी नात मनाच्या आजारांवर उपचार करायचं शिकते. मागं सुटीत आली होती तेव्हा मी तिला मिस्त्रीबद्दल सांगत होतो, गंमत म्हणून, सांडशी फेकल्याची गोष्ट. ती एकेक विचारत गेली. आपलं माणूस सोडून जाईल याची त्याला फार भीती होती का? एकच माणूस त्याला आज देव, उद्या वैरी वाटायचा का? स्वतःला दुखवून घ्यायचा? हात चांगला असून नोकऱ्या टिकायच्या नाहीत? मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो. ती म्हणाली, न बघितलेल्या माणसाला नाव चिकटवायचं नसतं, पण व्यक्तिमत्त्व विकार म्हणून एक प्रकार असतो, आणि आज त्याला उपचार आहेत. असे लोक कधीकधी आपल्या माणसाची परीक्षा घेतात, ती म्हणाली. सोडून जाशील का, हे विचारता येत नाही म्हणून ढकलून बघतात. मला वाटलं, त्या वेळी आमच्याकडं एकच शब्द होता, डोकं फिरलंय, आणि एकच औषध, चौघांनी धरणं. मग घणवाल्याच्या आजाराला तुमच्यात काय म्हणतात, असं तिला विचारायचं माझ्या मनात आलं होतं. विचारलं नाही.

कारण पंजा मला दिसला होता. गेली कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की दिसला नाही. घणवाला तोंडाकडं बघत नाही, हातोडी दाखवील तिथं मारतो, सवयीनं हात खाली आला, विचाराला वेळ नव्हता. सगळ्यांना पटलं, कारण त्या कामाचा नियमच तसा. पण घण माझ्या डोक्याच्या वर होता, पुरता वर. तिथून तो बाजूला टाकता येतो, जमिनीवर सोडता येतो, मी तसं पूर्वी दहा वेळा केलं होतं. मला पाच बोटं दिसली. बाहीखालचे डाग दिसले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी नियम मोडून त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता.

मी घण घातला.

तो ओरडला नाही. घण उचलल्यावर जे दिसलं ते मी लिहीत नाही. एक मोठा, घोगरा श्वास त्याच्या छातीतून निघाला. त्यानं पंजाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग उजव्या हातातली हातोडी उचलली आणि मोकळ्या ऐरणीवर एकदा वाजवली. थांब म्हणून.

मग तो खाली बसला. लोक धावले, कुणीतरी धोतर फाडून बांधलं, लष्कराच्या एका ट्रकमधून त्याला दवाखान्यात नेलं. मी घण धरून तसाच उभा होतो. माझ्या हातातून तो दोघांनी मिळून सोडवला.

चौकशी झाली ती अर्ध्या तासाची. साहेबानं मला विचारलं त्याआधीच दवाखान्यातून मिस्त्रीचा जबाब आला होता. त्यात होतं, चूक माझी, हातोडी मी चुकीच्या जागी टेकवली, घणवाला दाखवीन तिथं मारतो, त्याला बोल लावू नका, तो माझा भाऊ आहे. साहेबानं तो मला वाचून दाखवला आणि म्हणाला, सुटलास. तीन बोटं गेली, उरलेली दोन मिटेनात. ज्याला सांडशी धरता येत नाही तो लोहार नव्हे. पाडवा आला तेव्हा त्याचं नाव हजेरीपटावर नव्हतं. खोली दुसऱ्याला मिळाली. मला त्याच आठवड्यात पॉवर हॅमरवर घातलं आणि तिथंच मी निवृत्त झालो.

मिस्त्री आणि वहिनी गावाकडं परत जायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी मी झोपडीवर गेलो. भरदुपार होती. मिस्त्री आत झोपला होता, औषधाच्या गुंगीत. वहिनी बाहेर भांडी पोत्यात भरत होती. ती रागावेल, शिव्या देईल, माझं तोंड बघणार नाही, असं धरून मी गेलो होतो. ती सावकाश उठली, मला पाणी दिलं, आणि आत ऐकू जाऊ नये म्हणून जवळ येऊन बोलली.

"भाऊजी, एक इचारू का? ते रात्रंदिवस एकच बोलायलेत. म्हणतात, मला बघायचं होतं, भाऊ घण वळवतो का न्हाई ते. मी त्यांना म्हणले, भाऊजींना हात दिसला नसल, दिसला असता तर वळवलाच असता. तुम्हाला दिसला न्हवता ना?"

"न्हाई वैनी," मी म्हणालो. "न्हाई दिसला."

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. "सांगते त्यांना उठल्यावर," ती म्हणाली. "त्यांना लई बरं वाटंल."

आणि ती पुन्हा भांडी भरायला बसली.